मजकुराआधी यादी बोलते

परळच्या नाक्यावर टॅक्सीत बसून कुणी ‘टाटाला सोडा’ म्हणालं की पुढे काही विचारावं लागत नाही. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचं नाव एका आजाराशी इतकं घट्ट बांधलं गेलं आहे, की ‘त्यांना टाटाला दाखवलंय’ एवढ्यावर ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आजाराचं नाव कुणी उच्चारलेलंही नसतं. ठिकाण कळलं की हकिगत कळते. एकाच वेळी अनेकांना पाठवलेल्या ईमेलचंही असंच आहे. एखाद्या दवाखान्याने, समुपदेशन केंद्राने किंवा पुनर्विवाहाचा मेळावा भरवणाऱ्या वधूवर सूचक मंडळाने शंभर जणांना एक साधी सूचना पाठवली आणि ते शंभर पत्ते प्रत्येकाला दिसू दिले, तर सूचनेत काय लिहिलं आहे याला फारसं महत्त्व राहत नाही. ‘येत्या रविवारी केंद्र बंद राहील’ एवढाच मजकूर असला तरी या केंद्रात कोण कोण येतं, हे शंभर जणांना समजलेलं असतं. म्हणून पत्त्यांची यादी ही त्या पत्रातली सर्वांत बोलकी ओळ असते, आणि ती ओळ पाठवणाऱ्याच्या मालकीची नसते. ज्यांनी विश्वासाने पत्ता दिला त्यांची ती ठेव असते. आपल्याकडे सोसायट्या, मंडळं, वाचनालयं, शिकवण्या आणि दवाखाने ही ठेव रोज हाताळतात, पण ती ठेव आहे याची जाणीव फार थोड्यांना असते.

ईमेल लिहिताना पत्ते भरायला तीन रकाने मिळतात. ‘टू’ म्हणजे ज्याला पत्र लिहिलं तो. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, आणि ‘बीसीसी’ म्हणजे आंधळी कार्बन कॉपी, म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत. हे शब्द टंकलेखन यंत्राच्या काळातले आहेत. गिरगाव-दादरच्या टायपिंग क्लासात शिकून फोर्टातल्या कचेऱ्यांत नोकरीला लागलेल्या पिढीला ही रीत पाठ होती. कागदांच्या मध्ये कार्बन घालून पत्र टंकायचं आणि प्रत कुणाकुणाला गेली ते खाली लिहायचं. एखादी प्रत गुपचूप पाठवायची असली तर मूळ पत्र यंत्रातून काढून घ्यायचं आणि त्या माणसाचं नाव फक्त उरलेल्या प्रतीवर उमटवायचं. ईमेलने ही रीत जशीच्या तशी उचलली. इंटरनेटवरच्या पत्रांची मांडणी ठरवणारं जे मानक १९८२ साली लिहिलं गेलं, त्यातही हा तिसरा रकाना आहे. ईमेललाही एक पाकीट असतं आणि आत मथळा असलेला कागद असतो. पत्र पोहोचवणारे संगणक पाकिटावरचा पत्ता वाचतात, आपण वाचतो तो कागदावरचा मथळा. बीसीसीतले पत्ते पाकिटावर घातले जातात, पण मथळ्यात उतरवले जात नाहीत. त्यामुळे पत्र सर्वांना मिळतं आणि सोबत आणखी कुणाला गेलं ते कुणालाच दिसत नाही. बहुतेक ईमेल सेवांत हा रकाना आधी झाकलेला असतो, तो उघडावा लागतो. पुष्कळांना तो ठाऊक नसतो, याचं एक कारण हेही आहे.

एवढ्या छोट्या रकान्यात चूक झाली की काय होतं, हे लंडनच्या एका घटनेवरून नीट समजतं. तिथल्या डीन स्ट्रीटवरच्या लैंगिक आरोग्य केंद्राने १ सप्टेंबर २०१५ रोजी आपलं वार्तापत्र ७८१ जणांना पाठवलं. एचआयव्हीसंबंधी सेवा घेताना ज्यांनी ईमेलचा पत्ता दिला होता, अशांची ती यादी होती. पत्ते बीसीसीऐवजी ‘टू’ या रकान्यात पडले. त्यातल्या ७३० पत्त्यांत माणसाचं पूर्ण नाव होतं. यादीतल्या प्रत्येकालाच एचआयव्हीची लागण झालेली होती असंही नाही, पण यादी पाहणाऱ्याला हा फरक कसा कळणार? माहितीच्या संरक्षणावर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश आयुक्तालयाने २०१६ मध्ये त्या रुग्णालय संस्थेला १ लाख ८० हजार पौंडांचा दंड केला. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. याच संस्थेत २०१० सालीही अशीच चूक, लहान प्रमाणावर, झाली होती. पहिल्या चुकीनंतर कार्यपद्धती पुरेशी बदलली नव्हती, म्हणून दुसरी घडली. आयुक्तांनी तेव्हा नोंदवलेलं एक निरीक्षण आपल्यासाठी फार मोलाचं आहे. हे केंद्र शहराच्या एका लहान भागाला सेवा देत होतं, त्यामुळे यादीतली नावं लोकांनी ओळखली, आणि आपलंही नाव कुणीतरी ओळखेल या धास्तीत ते राहिले.

अफगाणिस्तानच्या बाबतीत हीच चूक जिवावर बेतू शकली असती. तालिबानने काबूल घेतल्यानंतर महिन्याभराने, २० सप्टेंबर २०२१ रोजी, ब्रिटनच्या संरक्षण खात्याने तिथे अडकलेल्या अफगाण नागरिकांना एक ईमेल पाठवला. ब्रिटिश फौजांसाठी काम केलेले, देशातून बाहेर पडण्यासाठी धडपडणारे हे लोक होते. २४५ जणांचे पत्ते उघड्या रकान्यात गेले आणि ५५ जणांच्या पत्त्यासोबत त्यांचं छायाचित्रही दिसत होतं. अशा इतर चुकाही त्याच महिन्यात झाल्याचं आढळलं; एकूण २६५ पत्ते उघडे पडले होते. त्यातला एक ईमेल जरी तालिबानच्या हाती लागला असता, तरी कुणाला शोधायचं याची तयार यादी त्यांना मिळाली असती. २०२३ च्या डिसेंबरात या खात्याला साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. त्याच वर्षी आयुक्तालयाने सांगितलं की बीसीसीच्या चुकीच्या वापराच्या जवळपास एक हजार घटना २०१९ पासून त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या आहेत. संगणकात कुणी शिरलं नव्हतं, परवलीचा शब्द कुणी चोरला नव्हता. कचेरीतल्या प्रामाणिक माणसाने घाईत पत्ते चुकीच्या जागी टाकले होते, इतकंच.

आता आयुक्तांचं ते ‘लहान भागाचं’ निरीक्षण गिरगाव ते लालबाग या पट्ट्याला लावून पाहावं. इथे शाळा एक, व्यायामशाळा एक, गणपती एक, पतपेढी एक, आणि तिन्हीसांजेला बसायचा कट्टाही एकच. आई ज्या भिशीत आहे त्या भिशीतल्या बाईंची सून मुलाच्या कचेरीत असते. गिरगावातून विरार-डोंबिवलीला राहायला गेलेली कुटुंबंही गणपतीला जुन्या वाडीत येतातच. अशा विणीत एखादी यादी फुटली, तर ती अनोळखी लोकांच्या हाती पडत नाही, ओळखीच्यांच्याच हाती पडते, आणि इजा तिथेच होते. दादरमधल्या एखाद्या मानसोपचार केंद्राने पालकांच्या गटाला पाठवलेल्या ईमेलमध्ये शेजारच्या बिऱ्हाडाचं आडनाव दिसलं, तर ते वाचणाऱ्याच्या मनातून पुसलं जात नाही. त्याने कुणाला सांगितलं नाही तरी जिन्यात भेटताना त्याची नजर बदलते. व्यसनमुक्तीच्या गटाची सूचना, वंध्यत्वावरच्या शिबिराचं निमंत्रण, कर्जफेडीच्या आठवणीचं पत्र, नोकरीसाठी अर्ज केलेल्यांना एकगठ्ठा गेलेला नकार, या प्रत्येकात मजकूर निरुपद्रवी असू शकतो आणि यादी घातक. शेवटच्या उदाहरणात तर सध्याच्या साहेबाला कळू नये म्हणून अर्जदार धडपडत असतो, आणि यादीत त्याच्याच कचेरीतला दुसरा अर्जदार निघतो.

‘नुसता ईमेलचा पत्ता तर आहे, त्यात लपवण्यासारखं काय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो खोटा नाही. सुटा पत्ता खरोखरच फारसं काही सांगत नाही; तो आपण दुकानदारालाही देतो. पण पत्ता कुठल्या यादीत, कुणाच्या शेजारी बसला आहे, यातून अर्थ तयार होतो. शिवाय पत्त्यांतच अनेकदा नाव, आडनाव, जन्मसाल, कंपनीचं नाव असतं. दुसरा धोका अगदी व्यवहारातला आहे. उघड्या यादीतला एक जरी सभासद बेसावध असला आणि त्याची ईमेलपेटी भामट्याच्या हाती गेली, तर भामट्याला नुसते पत्ते मिळत नाहीत. कोण कोणाचा शेजारी, चिटणीस कोण, देखभाल शुल्क किती, हा सगळा संदर्भ मिळतो. मग ‘सोसायटीचं बँक खातं बदललं आहे, यापुढे रक्कम इथे भरा’ असं पत्र चिटणिसाच्या नावाने, खऱ्याखुऱ्या शेजाऱ्यांना प्रती जोडून येतं आणि लोक फसतात. पत्रात ओळखीची नावं दिसली की आपला संशय मावळतो, आणि ती नावं उघड्या यादीनेच पुरवलेली असतात.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा असतो. चाळीत दारं उघडी असत, सुखदुःखं गॅलरीत वाटली जात, हा खासगीपणाचा सोस आपला नव्हेच, असं म्हटलं जातं. चाळीचं मोकळेपण मलाही मोलाचं वाटतं, पण तिथे खासगीपणाची कदर नव्हती हे मला मान्य नाही. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा गडी पाळ्या लावून झोपत, तरी प्रत्येकाची ट्रंक वेगळी असे आणि तिला कुलूप असे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला तोही लालबागलाच. भारतात १८७९ साली पोस्टकार्ड सुरू झालं आणि ते पोस्टमनपासून तळमजल्यावरच्या बिऱ्हाडापर्यंत कुणीही वाचू शकतं, हे लोकांनी लगेच ओळखलं. मुलगा सुखरूप पोहोचल्याचं कार्डावर लिहायचं आणि सुनेच्या माहेरचा वाद, पैशांची ओढाताण किंवा आजारपण बंद पाकिटात घालायचं, हा विवेक अक्षरओळख बेताची असलेल्या माणसांनाही होता. काय उघडं ठेवायचं हे लिहिणारा ठरवत असे. चाळीतली उघडी दारंही आतूनच उघडलेली असत, आणि ती लावून घ्यायची मुभा घरच्यांना होती. ज्याची माहिती त्याने ती उघडी करणं, आणि तिसऱ्याने ती परस्पर उघडी करणं, यात फार अंतर आहे. वर्गणीदारांच्या फलकाचंही तेच. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तेव्हापासून आजवर मंडळांच्या फलकांवर आणि अहवालांत देणगीदारांची नावं झळकत आली आहेत. ते सन्मानाचं प्रकटन असतं, देणाऱ्याला ते ठाऊक असतं, आणि ज्याला नको तो ‘एक हितचिंतक’ म्हणून पावती फाडतो. मंडळाकडे त्याचा ईमेल आणि फोन असतो तो मात्र पावती पाठवण्यासाठी. तो चारशे जणांना वाटायला कुणी परवानगी दिलेली नसते.

यातूनच पारदर्शकतेचा मुद्दा निघतो, आणि त्याला मी सर्वांत जास्त वजन देते. सहकारी संस्था सभासदांच्या असतात, त्यांच्यात लपवाछपवी नको. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ ची, म्हणजे आपल्या भागात ही परंपरा शतकाहून जुनी आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने सभासदाला सभासदांची नोंदवही, इतिवृत्तं आणि ताळेबंद पाहण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क शाबूत राहिलाच पाहिजे. पण कार्यालयात जाऊन, कारणासाठी नोंदवही पाहणं आणि न मागता प्रत्येकाच्या फोनमध्ये सर्वांचे पत्ते कायमचे टाकून देणं, या दोन गोष्टी एक नाहीत. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली तेव्हा विजेत्यांच्या याद्या जाहीर केल्या, आणि ते योग्यच होतं; तिथे यादी उघड नसती तर घोटाळ्याचा संशय कधीच फिटला नसता. कुठे किती उघडं ठेवायचं हा हिशेब चुकला तर काय होतं, हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये दाखवून दिलं. इंटरनेटच्या समान वागणुकीबद्दल प्राधिकरणाने लोकांची मतं मागवली. दहा लाखांहून अधिक ईमेल आले. २७ एप्रिलला प्राधिकरणाने ते सगळे आपल्या संकेतस्थळावर ठेवले, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट. मतं जाहीर करणं ही पारदर्शकता होती, आणि ती हवीच होती. पत्ते जाहीर केल्याने निर्णयप्रक्रियेत काडीचीही भर पडली नाही. जाहिरातबाजांना आणि भामट्यांना मात्र दहा लाखांची चालू पत्त्यांची वही फुकट मिळाली. सरकारला नागरिक म्हणून मत कळवणाऱ्याला अशी शिक्षा मिळाली, तर पुढच्या वेळी तो लिहिताना कचरतो.

बीसीसी म्हणजे चोरून पाठवणं, असंही काहींना वाटतं. कचेरीत सहकाऱ्याला लिहिताना साहेबांना गुपचूप प्रत देण्यासाठी हा रकाना वापरला जातो, त्यामुळे त्याला थोडी बदनामी चिकटली आहे. त्यावर उपाय सोपा आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहावं: ‘ही सूचना संस्थेच्या सर्व १२० सभासदांना पाठवली आहे, सभासदांचे पत्ते खासगी राहावेत म्हणून ते बीसीसीत ठेवले आहेत.’ ‘टू’मध्ये संस्थेचा स्वतःचा पत्ता घालावा, अध्यक्ष-चिटणीस-खजिनदार यांना सीसीत उघड ठेवावं, कारण ते पदाधिकारी आहेत. मग कुणापासून काही लपलं असं होत नाही. आणखी एक लाभ होतो. कुणी ‘सर्वांना उत्तर’ हे बटण दाबलं तरी ते उत्तर पदाधिकाऱ्यांपुरतं राहतं, १२० पेट्यांत जात नाही.

मात्र बीसीसीवरच सगळी भिस्त ठेवणं मला पटत नाही. प्रत्येक वेळी न चुकता आठवण ठेवणाऱ्या माणसावर ही पद्धत उभी आहे, आणि आपल्या संस्था बहुतेक स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात: नोकरीवरून आल्यावर रात्री अकराला सूचना पाठवणाऱ्या माणसांच्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हाती बरं साधन द्यायला हवं. मेल मर्ज नावाची सोय आहे. तिच्यात प्रत्येकाला त्याच्या नावाने स्वतंत्र पत्र जातं, त्यामुळे उघडं पडायला यादीच शिल्लक राहत नाही. गटासाठी एकच पत्ता तयार करून सभासदांची नावं झाकून ठेवता येतात. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र परत घेण्याची मुदत सेटिंगमधून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती आजच वाढवून ठेवावी. व्हॉट्सअॅपलाही हाच न्याय लावावा. तिथल्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो, ब्रॉडकास्ट यादीत दिसत नाही, अर्थात ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. आणि आजार, समुपदेशन, कर्ज, तक्रार, विवाह अशा नाजूक याद्यांसाठी बीसीसीसुद्धा वापरू नये, स्वतंत्रच पत्रं पाठवावीत. ब्रिटिश आयुक्तालयाचा सल्लाही हाच आहे. चूक झालीच तर त्याच उघड्या यादीवर ‘कृपया मागचा ईमेल पुसून टाका’ असं लिहू नये, त्याने यादी पुन्हा एकदा घरोघर जाते. प्रत्येकाला वेगळं लिहावं, काय घडलं ते स्पष्ट सांगावं आणि माफी मागावी.

कायदाही आता याच दिशेने येतो आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा माहिती बाळगणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकतो आणि त्यात कसूर केल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधनांसाठी दीड वर्षाची मुदत दिली गेली. घरगुती वापर त्यातून वगळलेला आहे, म्हणजे भाचीच्या लग्नाचं निमंत्रण सर्व मावश्यांना उघड पाठवायला कुणाची आडकाठी नाही. संस्थेचा चिटणीस म्हणून पाठवलेल्या पत्राला मात्र घरगुती म्हणता येणार नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला स्वतंत्र कायदाच आहे आणि रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवणं तो संस्थांवर बंधनकारक करतो.

पण या कायद्यांच्या कितीतरी आधी, ईमेल मूठभर लोकांकडेच होता तेव्हा, फोर्टातल्या मुंबई उच्च न्यायालयापुढे एक हंगामी कामगार आला होता. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका संस्थेने तपासणीत एचआयव्ही आढळला म्हणून, काम करण्याजोगा धडधाकट असतानाही, त्याला कामावरून काढलं होतं. नावानिशी दाद मागावी तर साऱ्या जगाला आजार कळणार, आणि न मागावी तर नोकरी जाणार. न्यायालयाने त्याला नाव न सांगता खटला चालवू दिला आणि १९९७ साली त्याच्या बाजूने निकाल दिला: काम करण्याची क्षमता असताना केवळ या कारणाने कुणाला नोकरी नाकारता येणार नाही. देशभरच्या न्यायालयांत नंतर या निकालाचे दाखले दिले गेले. निकालपत्रावर त्या कामगाराची ओळख ‘एम. एक्स.’ अशी दोन अक्षरांची आहे. आजही तेवढीच आहे.